‘सायकल चालवतंय कोण?’ : पिशोरहून उत्तर

‘पण सायकल चालवतंय कोण?’ सायकल ट्रॅकविषयी कुठलीही बातमी काढा, त्यात हा प्रश्न असतोच. कधी दुकानापुढची पार्किंग गेलेला व्यापारी तो विचारतो, कधी नगरसेवक, तर कधी बातमीदार स्वतःच. सोबत फोटो असतो. भर दुपारची वेळ, रंग उडालेला रिकामा पट्टा, त्यावर उभी केलेली एखादी चारचाकी. मथळा ‘कोट्यवधी पाण्यात’ या धर्तीचा.

मी हे संभाजीनगर जिल्ह्यातल्या पिशोर गावात बसून वाचतो आणि मला संताप येतो. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्याला येऊन उभं राहा. वस्त्यांवरून, मळ्यांतून, तांड्यांवरून शाळेला निघालेल्या पोरी दिसतील, तिघी-चौघींचा घोळका, दप्तर कॅरिअरला करकचून बांधलेलं. मागून हॉर्न वाजतो. सगळ्यात कडेची पोर हँडल डावीकडे वळवते आणि पुढचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली घसरतं. रस्ता नवा झालाय, थरावर थर चढून उंच झालाय. साईडपट्टी मात्र होती तिथंच राहिली, वीतभर खाली. काही ठिकाणी ती भरली होती, पण मुरूम पहिल्याच पावसात वाहून गेला. पोर एक पाय टेकवते, गाजरगवतात उभी राहते, तोंडावर ओढणी घेते. अद्रकीची पोती लादलेला पिकअप धुरळा उडवत निघून जातो. मग ती दोन्ही हातांनी सायकल उचलते, आधी पुढचं चाक वर, मग मागचं, आणि पुन्हा बसते. शाळेत पोचेपर्यंत हे पाच-सहा वेळा होतं. रोज.

सायकल कोण चालवतं, याचं माझ्या गावापुरतं उत्तर हे आहे. ते कधी छापून येत नाही, कारण हा प्रश्न विचारणारा इथं येऊन विचारत नाही.

कुणी म्हणेल, ही खेड्यातली गोष्ट झाली, वाद शहरातल्या ट्रॅकचा आहे. मग देशाचे आकडे बघा. 2011च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात, हे विचारलं होतं. शंभरातले तेरा सायकलवर जात होते, मोटारीतून तीनसुद्धा भरत नव्हते. त्यातही हा प्रश्न शेतकऱ्यांना, शेतमजुरांना आणि घरगुती उद्योगवाल्यांना विचारलाच नव्हता. म्हणजे पिशोरसारख्या गावातला बहुतांश कष्टकरी या मोजणीच्या बाहेर राहिला आणि तरीही सायकल मोटारीच्या चौपटीहून जास्त भरली. आता दुचाकी वाढल्या, हे मला मान्य आहे. आमच्या गल्लीतही वाढल्या. तरी 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्या घरांत सायकल होती, चारचाकी मात्र शंभरातल्या सात-आठ घरांत. या देशात ‘कोण चालवतं’ हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो मोटारीच्या बाबतीत विचारायला हवा. उड्डाणपुलाच्या उद्घाटनाच्या बातमीत तो कधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता त्या रिकाम्या ट्रॅकच्या फोटोकडे येऊ. फोटो खोटा नसतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. केंद्र सरकारनं 2020 मध्ये शहरांसाठी ‘सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा काढली तेव्हा आपलं संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, तीत उतरलं होतं. स्मार्ट सिटीनं क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर प्रायोगिक सायकल ट्रॅक केला. कल्पना चांगली होती. पण क्रांती चौकात सुरू होऊन स्टेशनला संपणारा पट्टा कुणाच्या कामाचा? चिकलठाण्याला किंवा वाळूजला कंपनीत जाणारा कामगार घरापासून क्रांती चौकापर्यंत कसा येणार आणि स्टेशनच्या पुढं कसा जाणार? पट्ट्यावर दुचाक्या नि रिक्षा लागायला वेळ लागला नाही. आणि मग लोकांना सायकल नको आहे, असं ठरलं.

आमच्याकडे विहीर खणताना दहा फुटांवर थांबलं आणि पाणी लागलं नाही, तर जमिनीत पाणीच नाही असं कुणी म्हणत नाही. खोदणाऱ्याला विचारतात, थांबलास का? सायकल ट्रॅकच्या बाबतीत मात्र दहा-दहा फुटांचे पाच खड्डे पाच ठिकाणी घेतले जातात आणि कोरडे निघाल्याबद्दल दोष तहानेला दिला जातो.

खेड्यातला माणूस ही चाल चांगली ओळखतो, कारण एसटीच्या बाबतीत ती त्यानं भोगलेली आहे. गाडी आज येते, उद्या येत नाही. कंटाळून लोक काळी-पिवळीत बसायला लागतात. मग प्रवासी मिळत नाहीत या कारणावरून फेरी बंद होते. बंद करताना दाखवलेला आकडा खरा असतो, पण तो आकडा घडवला कुणी? तुटक ट्रॅक, त्यावर पार्किंग, मध्येच विजेची डीपी, शेवटी नाली, एवढं सगळं करून ठेवल्यावर मोजणी केली तर माणसं कुठून सापडणार?

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 मध्ये एमएमआरडीए या विकास प्राधिकरणानं सायकल ट्रॅक बांधला. 2025 मध्ये त्याच एमएमआरडीएनं तो काढून मोटारींसाठी जादा लेन करायचं ठरवलं. खर्च सुमारे 25 कोटी. कारण काय, तर वापर होत नाही. बातम्यांत हे कारण जसंच्या तसं उतरवलं गेलं. संकुलात रोज कामाला येणारे हजारो लोक वांद्रे नि कुर्ला स्टेशनला उतरतात. त्या स्टेशनांपासून ट्रॅकपर्यंत सुखरूप सायकल नेता येते का, एवढं एकच विचारलं असतं तरी बातमी बदलली असती. पुण्याचंही तेच. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या त्या शहरानं 2017 मध्ये सव्वाआठशे किलोमीटरचा सायकल आराखडा मंजूर केला. कागदावरचं जाळं अखंड आहे. रस्त्यावर मात्र तुकडेच सापडतात.

दिल्लीतली गोष्ट याहून बोलकी आहे. 2008 मध्ये तिथं आंबेडकरनगर ते मूलचंद असा जेमतेम सहा किलोमीटरचा बीआरटी मार्ग झाला. बसला मधली लेन, सायकलला वेगळी. पहिल्या दिवसापासून वाहिन्यांचे कॅमेरे मोटारींच्या रांगेवर रोखलेले होते. गाडीची काच खाली करून वैतागलेला माणूस बोलायचा आणि तोच ‘दिल्लीकर’ ठरायचा. बसमध्ये उभ्यानं जाणाऱ्याचा आणि पहिल्यांदाच धडकेची भीती न बाळगता सायकल चालवणाऱ्या मजुराचा बाइट कितीदा दिसला? 2012 मध्ये उच्च न्यायालयानं या मार्गाविरुद्धची याचिका फेटाळली. तरी 2016 मध्ये तो उखडला गेलाच. कोर्टात टिकलेला रस्ता बातम्यांत हरला होता.

कोलकात्यात तर 2013 मध्ये पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलला बंदीच घातली. कारण वाहतुकीचा वेग. दूध, पेपर, भाजी घरोघर पोचवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला.

एक गोष्ट इथंच कबूल करतो, म्हणजे कुणी माझ्या तोंडी नको ते घालणार नाही. सायकल ट्रॅक म्हटला की तो चांगलाच, असं माझं म्हणणं नाही. पवई तलावाच्या कडेनं मुंबई महापालिकेनं ट्रॅक बांधायला घेतला. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितला. तो निकाल योग्य होता. तलाव बुजवून फेरफटक्यासाठी केलेला तो रस्ता होता. कामाला जाणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? पण घोळ इथंच आहे. आपल्या बातम्यांत सायकल दोनच ठिकाणी येते: एक सुशोभीकरणात आणि दुसरी फिटनेसच्या पानावर. 3 जूनला जागतिक सायकल दिन येतो, हेल्मेट घातलेले अधिकारी रॅलीत दिसतात, फोटो छापून येतो. 2020 मध्ये त्याच दिवशी अ‍ॅटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला आणि शेकडो कामगार घरी बसले. दरवर्षीच्या रॅलीच्या बातमीला ही आठवण शिवतसुद्धा नाही. सायकल छंद म्हणून दाखवली की तिच्यासाठी जागा मागणारा आपोआप चोचलेखोर ठरतो.

तिसरं एक ठिकाण आहे, तेही सांगतो. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, तीन ओळी. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.’ हे वाक्य इतकं सरावाचं झालंय की त्यात कोण नाही हे आपल्या लक्षात येत नाही. वाहन आहे, धडक आहे, मेलेला आहे, पण चालवणारा नाही. आमच्या भावकीतल्या एका काकांना काही वर्षांपूर्वी शेतातून परतताना टेम्पोनं उडवलं. जीव वाचला, उजवा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं की सायकलस्वार अचानक रस्त्यात आला. काका त्या रस्त्यानं चाळीस वर्षं सायकलनं जात-येत होते. तो टेम्पो त्या भागात नवा होता. अचानक कोण आलं? काका खाटेवर पडल्या-पडल्या एवढंच म्हणाले, ‘मी कडंनंच चाललो होतो रे.’ ते कात्रण त्यांनी जपून ठेवलंय, पण कुणाला दाखवत नाहीत.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातले शंभरात जवळपास तीन सायकलवर होते. म्हणजे एका वर्षात पाच हजारांच्या घरात. या प्रत्येकाच्या मागं तीन ओळी धरल्या, तरी एवढ्या ओळींत एकदाही कुणी लिहू नये की त्या माणसाला चालायला रस्त्यावर जागाच नव्हती?

नेदरलँड्समध्ये हे लिहिलं गेलं. आज त्या देशाकडे बोट दाखवून लोक म्हणतात, त्यांचं वेगळं, त्यांची संस्कृतीच सायकलची. हे खरं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारींसाठी रस्ते रुंद झाले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. 1971 मध्ये त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. व्हिक लँगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलवरून शाळेला जाताना गेली. 1972 मध्ये त्यानं आपल्या ‘दे टाइट’ या दैनिकात लेख लिहिला. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या अर्थाचे त्यातले शब्द पुढं चळवळीचं नाव झाले. आया-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. आज जे सायकल मार्ग आपल्याला फोटोत दिसतात, त्यांच्या मुळाशी संस्कृती नंतर येते, त्या बापाचा लेख आधी. त्यानं मुलांच्या मरणाला हत्या म्हटलं, एवढं एक काम केलं.

आपल्याकडेही उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून बायकांनी सायकल शिकायची लाट उठली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, शाळेतल्या बाई, लाखाच्या घरात बायका शिकल्या. पी. साईनाथांनी तिथं जाऊन त्या बायकांशी बोलून लिहिलं, म्हणून देशाला ते कळलं. ते लिहिताना त्यांना कुठला रिकामा पट्टा मोजावा लागला नाही.

आता दुसऱ्या एका आरोपाकडे येतो, जो पारावरही ऐकू येतो आणि पेपरातही येतो: सायकलवाले कर भरत नाहीत, मग त्यांना रस्त्याचा हिस्सा कशाला? हे साफ चुकीचं आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी सायकलीला बिल्ला लावलाय, कर भरून. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नं ग्रामपंचायतीला सायकलीवर कर बसवायचा अधिकार दिलेला होता. आजही सायकल घेताना जीएसटी लागतो. सप्टेंबर 2025 पर्यंत तो 12 टक्के होता, आता 5 टक्के आहे. आणि रस्ते काही फक्त मोटारीच्या करातून होत नाहीत. साबणाच्या वडीवर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर जो कर जातो, त्याच तिजोरीतून होतात. उलट रस्ता खराब कोण करतं ते विचारा. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात रस्ते मुद्दाम बांधून, त्यावर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून निघालं की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सोळापट होते. मुरूम भरलेल्या एका हायवा डंपरनं एका फेरीत रस्त्याची जी झीज होते, ती आमच्या शाळेतल्या सगळ्या पोरी जन्मभर सायकल चालवून करू शकणार नाहीत.

सायकलवाले उलट्या दिशेनं येतात, नियम पाळत नाहीत, हेही म्हणतात. येतात, ते धोक्याचंही आहे. पण रस्ता चौपदरी करून मध्ये सलग दुभाजक घातला आणि पलीकडच्या शेतात जायला दीड-दोन किलोमीटरचा वळसा ठेवला, तर पायानं चाक फिरवणारा माणूस काय करील? नियम करणाऱ्यानं त्याचे पाय हिशेबात धरलेच नव्हते.

हिशेबाचं म्हणाल तर रस्त्याच्या इंजिनिअरांकडे वाहतूक मोजायचं एक एकक असतं. मोटार एक धरली तर ट्रक किंवा बस तीन आणि सायकल अर्धी. ही मोजणी कशासाठी, तर कुठलं वाहन रस्त्यावर किती जागा अडवतं ते कळावं म्हणून. सायकलवरच्या पोरीची नोंद सरकारी कागदावर होतेच, अर्ध्या मोटारीइतका अडथळा म्हणून. तिला किती धोका आहे, याचं एकक त्या तक्त्यात नाही.

आणि तरी याच इंजिनिअरांच्या संस्थेनं, इंडियन रोड्स काँग्रेसनं, 1962 मध्येच सायकल मार्गांचं मानक लिहून ठेवलंय. गर्दीच्या तासाला 200 पेक्षा जास्त मोटारवाहनं जात असतील, तर तासाला नुसत्या 100 सायकली असल्या तरी वेगळा सायकल मार्ग योग्य ठरतो, असं त्यात म्हटलंय. साठ वर्षांहून जुना हा कागद आहे. कुठल्या परदेशी संस्थेनं, कुठल्या शहरी हौशी मंडळानं लिहिलेला नाही. शाळा भरायच्या नि सुटायच्या तासाला मराठवाड्यातल्या मोठ्या गावांच्या तोंडाशी ही मोजणी करावी, एवढी माझी मागणी आहे. आकडा आधी ठरवून मी काही सांगत नाही. मोजा, एवढंच म्हणतो.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे. सरकारलाच पोरींनी सायकल चालवायला हवी आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. 2022 मध्ये ही रक्कम 3,500 वरून 5,000 रुपये झाली. या कार्यक्रमाचं आयुक्तालय आमच्याच जिल्ह्याच्या गावी, संभाजीनगरात आहे. योजना चांगली आहे, मनापासून चांगली. बिहारनं 2006 मध्ये असंच सुरू केलं. पुढं अर्थशास्त्रज्ञ मुरलीधरन आणि प्रकाश यांनी अभ्यासलं तेव्हा नववी-दहावीत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळं 32 टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. सायकल आली की आठवीनंतर घरी बसणारी पोर बसत नाही. हे पिशोरात कुणाला अभ्यासातून कळायची गरज नाही, प्रत्येक वस्तीवर एक तरी घर दाखवता येईल.

पण एका खात्यानं पोरीच्या हातात सायकल द्यायची आणि दुसऱ्या खात्यानं तिच्या पायाखालची साईडपट्टी काढून घ्यायची, हे कसं चालेल? रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, पिकअप पूर्वी ज्या वळणावर हळू व्हायचा तिथं आता होत नाही. भूमिपूजनाच्या बातमीत किलोमीटर असतात, कोटी असतात, पाहुण्यांची नावं असतात. साईडपट्टी किती फुटांची धरली आणि कशाची केली, हे मी आजवर एकाही बातमीत वाचलेलं नाही. तो रस्ता झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एखाद्या बापानं ‘आता सायकल नको, रिक्षानं जा’ म्हटलं आणि महिन्याचे रिक्षाचे पैसे निघेनात म्हणून पोर घरी राहिली, तर ती बातमी कुठल्या पानावर येणार?

आम्हाला हिरवा रंग नको आहे, कडेचे प्लास्टिकचे खांब नकोत, उद्घाटनही नको. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रस्त्याच्याच पातळीला आणलेली, दाबून पक्की केलेली, दोन सायकली शेजारून जातील एवढी पट्टी हवी. गावाच्या तोंडाशी, शाळेसमोर, नदीच्या पुलावर ती तुटता कामा नये, कारण पुलावरच सगळ्यात जास्त अडचण होते, तिथं उतरायला कडच नसते. शहरातला कामगार मागतो तो सायकल ट्रॅक आणि आम्ही मागतो ती साईडपट्टी ही एकच मागणी आहे. म्हणून क्रांती चौकातल्या रिकाम्या पट्ट्याचा फोटो छापून ‘सायकल चालवतंय कोण’ असं विचारलं जातं, तेव्हा तो वार आमच्याकडच्या नाचनवेलच्या रस्त्यावरच्या पोरीवरही होतो. तिची मागणी करायची म्हटलं की त्याच फोटोकडे बोट दाखवलं जातं.

ज्या बातमीदारांना हे पटत नसेल, त्यांनी शाळेच्या दिवशी सकाळी दहा वाजता पिशोरला यावं. कॅमेरा आणा, पण सोबत मोजपट्टी आणा. रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसा, पट्टीचं एक टोक मातीला लावा आणि वरच्या कडेपर्यंत किती भरतं ते वहीत लिहा. तेवढ्यात मागून हॉर्न वाजेल. तिथून उठू नका. कडेची पोर खाली उतरून पुन्हा सायकल वर चढवते तोवर थांबा, आणि सायकल कोण चालवतं ते तिलाच विचारा.